अकरा टक्के

ताईचा आकडा अकरा आला हे ऐकून धाकटीला आधी हसूच फुटलं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काच घासायच्या चाकाशी बसली होती, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, हातात कुणा आजोबांची डावी काच, आणि तिकडून तिची मोठी बहीण तावातावाने सांगत होती, "अगं, डॉक्टर स्वतः धावत आले! मला म्हणे, चालता येतंय का? मी म्हटलं, वीस लिटरची टाकी पाठीला लावून आत्ताच दोन रांगा मारून आले, न चालायला काय झालं? तर माझे डोळे बघतात, नाडी बघतात, दम लागतो का विचारतात. अकरा टक्के म्हणजे माणूस खाटेवर पाहिजे म्हणे." "मग?" धाकटीने विचारलं. "मग काय मग! तुझं रक्त आहे ते, बाईसाहेब. एवढं एक साधं काम सांगितलं होतं तुला, तेही धड झालं नाही." ताई रागावली होती, पण ते रागावणं नेहमीचंच होतं, भाजीत मीठ जास्त झाल्यावर रागवावं तसं. धाकटी अजून हसत होती. काच चाकाला जरा जास्त टेकली आणि कडेचा टवका उडाला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं की हा आकडा आपल्या अंगातला आहे, आणि गुरुवारी आपलं ऑपरेशन आहे.

त्याचं असं झालं होतं. शहराच्या टोकाला गुलाबांची मोठी काचघरं होती, तिथे ताई फवारणीच्या टोळीची मुकादम होती. टोळीत पाच पुरुष आणि ही एकटी बाई, आणि पाचही जण तिला वचकून असत. फवारणाऱ्यांचं रक्त दर महिन्याला तपासायचं असा तिथला नियम. कीटकांचं औषध माणसाच्या रक्तातलं एक एन्झाइम मारत जातं. ते किती उरलं हे बघायचं, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच पहिल्या रक्ताशी करायची, कामाला लागायच्या आधी घेतलेल्या. सत्तरच्या खाली गेलात की सहा आठवडे फवारणी बंद, फुलांच्या जुड्या बांधायला बसा. आणि तपासणीत कुणी लबाडी केली तर फवारणी कायमची बंद. मागच्या महिन्यात ताई चौऱ्याहत्तरवर होती. त्यानंतर कोळी किडीने कहर केला आणि टोळीने पंधरा दिवस रोज फवारलं. यावेळी आपण गडगडणार हे ताईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून या फोनच्या चार दिवस आधी, मंगळवारी सकाळी तिने धाकटीला आपला पांढरा अंगरखा चढवला, टोपी घातली, तोंडावर मास्क बांधला आणि रांगेत उभं केलं. दोघींची उंची एक, भुवया एक. रक्त घेणाऱ्या कंपाउंडरला माणसं फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच ओळखीची. तो मान वर करेल तर शपथ. "मूठ आवळा," तो म्हणाला, मग सुई घालता घालता, "आज शीर लगेच सापडली की हो ताई!" अंगरख्याला एक गोडूस, मातकट, जुन्या कपाटासारखा वास येत होता. हा वास ताईच्या केसांना कित्येक वर्षं होता, आणि धाकटी त्याला ताईचा वास समजत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिला कळलं की तो औषधाचा आहे.

रक्त धाकटीचं घ्यायचं ठरलं, कारण ती स्वच्छ. जन्मात कधी पंपाला हात लावलेला नाही. घरातली वाटणी फार लहानपणी झाली होती: ताई दणकट, धाकटी नाजूक. ताईला काही होत नाही, धाकटीला सगळं होतं. पित्ताशयात खडे झाले तेही धाकटीलाच. "मी विष खाऊन पचवेन, आणि हिला दोन काकड्या बाधतात," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि धाकटीला त्याचं वाईट वाटण्याऐवजी नेहमी एकच प्रश्न पडायचा, की पचवते म्हणजे नेमकं काय करते? जातं कुठे ते? शाळेत बाई यकृताचा धडा शिकवत होत्या, तेव्हा हिने हात वर करून विचारलं होतं, की गोळी घेतली की ती दुखणाऱ्या दाताकडे कशी जाते, तिला वाट कोण दाखवतं? वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, गोळीला दातबीत काही कळत नाही, ती सगळीकडे जाते. आणि मग शरीर तिच्या मागे लागतं. यकृतात विकरं, म्हणजे एन्झाइमं असतात, ती तिचे तुकडे करतात, पाण्यात विरघळेल असं काहीतरी त्यांना जोडतात आणि लघवीवाटे घालवून देतात. शरीर सारखं आवरत असतं, बाई म्हणाल्या, तुमच्या आया आवरतात तसं. धाकटीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण बसलोय, पाढे म्हणतोय, वेणी घालतोय, आणि आत कुणीतरी आपल्याला न विचारता आवरतंय. कुणी सांगितलं त्यांना? आणि एखादी नवीच वस्तू आली, कालच कुठल्या कारखान्यात बनलेली, तर ती त्यांना ओळखू कशी येते? हे तिने विचारलं नाही, कारण वर्ग पुन्हा हसला असता. पण प्रश्न राहिला तो राहिलाच, आणि आता चाकाशी बसून, टवका उडालेली काच उजेडाला धरून, सदतीस वर्षांची धाकटी पुन्हा तोच प्रश्न उलगडत बसली होती. अकरा आहेत. मग उरलेले एकोणनव्वद कुठे गेले? की नव्हतेच कधी?

त्याच दिवशी, शनिवारी, संध्याकाळी ताई दुकानात आली. डॉक्टरांनी दुपारी तिचं पुन्हा रक्त घेतलं होतं, यावेळी स्वतःच्या हाताने, मास्क काढायला लावून. "म्हणजे बघ, कालपर्यंत माझं रक्त नको होतं, आज तेच बरं म्हणायची पाळी आली," असं म्हणून ती धापकन खुर्चीत बसली आणि दोघी इतक्या हसल्या की मालकांनी पुढून डोकावून पाहिलं. मग ताई म्हणाली, आलेच आहे तर डोळे बघ, हल्ली जवळचं गढूळ दिसतं. धाकटीने मोजपट्टी घेतली. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, हे ती दिवसातून तीस वेळा करायची. नाकावर पट्टी टेकवायची, समोरच्याला म्हणायचं, माझ्या डाव्या डोळ्यात बघा. ताईने बघितलं. मागच्या खोलीत उजेड बेताचा, अशा ठिकाणी कुणाचीही बाहुली चांगली मटाराएवढी होते. ताईच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या होत्या. धाकटीने दिवा मालवला, पेटवला. मोहरी ती मोहरीच. "काय गं?" ताई म्हणाली. "डॉक्टरांना दिसलं नाही हे?" "काचघरात इतकं ऊन असतं, सगळ्यांचेच डोळे बारीक." "ताई, तुझ्या अंगात विष साठलंय." "साठलंय तर साठलंय, निघून जाईल. माझ्याकडे कामाला माणसं आहेत आत." "आणि माझ्याकडे?" ताईने तिच्या गालाला चापटी मारली. "तुला काय धाड भरलीय! तू कुठे फवारतेस? त्यांच्या यंत्रात घोळ झाला असणार. आणि हे बघ, कुणाला बोलायचं नाही. माझं काम जाईल, त्या बिचाऱ्या कंपाउंडरचंही जाईल. गुरुवारी खडे काढून घे आणि मोकळी हो."

सोमवारी ताईचा खरा आकडा आला, अठ्ठावन्न. फोनवर तिने तो एवढाच सांगितला, आणि सहा आठवडे जुड्या बांधायच्या आहेत हेही. तिचा आवाज उतरलेला होता. फवारणी सुटली म्हणून असेल, असं धाकटीला वाटलं. मंगळवारी पुन्हा फोन आला, जेवलीस का विचारायला. ताईने हे पूर्वी कधी विचारलं नव्हतं. त्याच दिवशी धाकटी इस्पितळात फॉर्म भरत होती. तपासण्या सगळ्या चोख होत्या, यकृताच्याही. मग ते अकरा कशाचे? तीन दिवस हा आकडा तिच्या मागे लागला होता. जिना चढताना ती पायऱ्या मोजायची आणि अकरावीवर थांबायची. स्वतःची बोटं हलवून बघायची. कुठे काही कमी आहे का, हे ती शरीरभर चाचपत होती, आणि शरीर बेटं काहीच सांगत नव्हतं. फॉर्मवर प्रश्न होता, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला आहे का? तिने नाहीवर खूण करायला पेन टेकवलं आणि तिला मामा आठवला. आईचा भाऊ. तरुणपणी त्याचा हात मोडला, हाड बसवायला दहा मिनिटांची भूल दिली, आणि मामा चार तास उठलाच नाही. श्वासही घेईना; डॉक्टर पिशवी दाबून दाबून हवा भरत बसले. ही गोष्ट मामा जेवायला बसला की रंगवून सांगायचा, सगळी पोरं घास हातात धरून ऐकायची. "अरे, मी जागा होतो शेवटी शेवटी! सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर नर्सला म्हणाला, माझं जेवण गार झालं याच्यापायी. मला म्हणावंसं वाटलं, जा बाबा, जेवून घे, पण पिशवी हिच्याकडे देऊन जा." पोरं हसायची. मामाही हसायचा. पण एकदा, सगळे उठून गेल्यावर, धाकटीने त्याला विचारलं होतं, मामा, तेव्हा कसं वाटत होतं? मामाने ताटात दोन रेघोट्या मारल्या. मग म्हणाला, "पापणीसुद्धा माझी नव्हती गं." तिने खिडकीतल्या कारकुनाला मामाचं सांगितलं. तो म्हणाला, किती वर्षं झाली त्याला? चाळीस? तेव्हाची औषधं निराळी हो बाई, नाही लिहा. मागे रांग होती. तिने नाही लिहिलं.

पण त्या रात्रीच्या झोपेचं खोबरं झालं ते झालंच. बुधवारी तिने मालकांकडून अर्धा दिवस मागून घेतला आणि बसने काचघरं गाठली. वाटेत स्वतःला शंभर वेळा बजावलं, की आपण ताईचं काम घालवायला निघालो आहोत. मुकादमाची पट्टी तिच्या दंडावरून आपण उतरवणार आहोत, जी बांधून ती घरी आली होती तेव्हा आरशासमोरून हलत नव्हती. आणि तरी पाय थांबेनात. भीती होती, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जास्त तिला जाणून घ्यायचं होतं. आपल्या अंगात जे नाही ते काय आहे? ताईच्या मोहरीएवढ्या बाहुल्यांचंही तिने मनाशी निमित्त केलं, आणि ते निमित्त खोटं नव्हतं. डॉक्टर लहानखुरे, टकले, फुलांच्या खोक्यांनी भरलेल्या खोलीत एकटेच बसलेले. ती दारातूनच म्हणाली, "ते अकरावालं रक्त माझं आहे. मी तिची बहीण." डॉक्टरांनी चष्मा वर केला. "या, या. बरं झालं पाठवलं त्यांनी तुम्हाला. मी वाटच बघत होतो." पाठवलं? तिला कुणी पाठवलं नव्हतं. ती बसली. हा शब्द तिने बाजूला ठेवला, कारण डॉक्टर बोलायला लागले होते आणि तिला एक अक्षर सोडायचं नव्हतं.

ते म्हणाले, आम्ही दोन एन्झाइमं मोजतो. एक रक्ताच्या तांबड्या पेशींवर असतं, तेच नसांच्या टोकांशीही असतं, त्याच्यावाचून माणूस जगत नाही. दुसरं रक्ताच्या पाण्यात नुसतं हिंडत असतं, यकृत ते बनवून सोडून देतं. "विषाने माणूस इतका खाली गेला असता तर दोन्ही कोसळली असती. या रक्तात पहिलं ठणठणीत, दुसरं अकरा. मी आधी घाबरलो, मग डोकं खाजवलं. शनिवारी तुमच्या बहिणीचं घेतलं, तर दुसरं अठ्ठावन्न! चार दिवसांत अकराचं अठ्ठावन्न होत नाही, यकृताला त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे माणूसच वेगळा. आणि हे विषाने गेलेलं नाही, हे जन्मतःच नाही." धाकटीने विचारलं, "मग ते करतं काय, हे दुसरं?" डॉक्टर हसले. "ते नक्की कशासाठी आहे हे अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही. फवारणीचं औषध अंगात शिरलं की ते त्याला धरून ठेवतं, स्वतः कामातून जातं पण पहिल्याला वाचवतं. आणि ऑपरेशनच्या वेळी स्नायू ढिले करायचं एक औषध देतात, घशात नळी घालण्यापुरतं. हे एन्झाइम पाच मिनिटांत त्याचा फडशा पाडतं, माणूस आपला श्वास घ्यायला लागतो. तुमच्याकडे फडशा पाडायला कुणी नाही. ते औषध तुमच्यात तासन्‌तास तसंच फिरत राहील." "आणि मी जागी असेन?" "भूल उतरली असेल तर, हो. डॉक्टरला माहीत नसेल तर तो गोंधळेल, आणि अशा वेळी काहीही होऊ शकतं." "माझं ऑपरेशन उद्या आहे," धाकटी म्हणाली. डॉक्टरांचा चेहरा क्षणात बदलला. त्यांनी कागद ओढला, चिठ्ठी लिहिली, तिच्याकडून इस्पितळाचा नंबर घेऊन तिथल्या भुलेच्या डॉक्टरीणबाईंना तिच्यासमोर फोन लावला. मामाचंही त्यांनी विचारून घेतलं आणि मान डोलावली. "दुसरी औषधं आहेत, काळजी करू नका. या एका गोष्टीवाचून तुम्ही सदतीस वर्षं जगलात, आणखी पन्नास जगाल. फक्त ते औषध नको." धाकटीला गंमत वाटली, आणि तिला गंमत वाटतेय याचं तिला आश्चर्य वाटलं. कशासाठी आहे ते कुणाला माहीत नाही, आणि आपल्याकडे ते नाही, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. उठताना तिने ताईच्या बाहुल्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी तेही टिपून घेतलं, आणि खाली मान घालून म्हणाले, "रक्त बदललं हे मला वर कळवावं लागेल. तुम्हाला समजतंय ना?" तिला समजत होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा धाकटी इस्पितळात दाखल झाली होती. "सांगून आलीस," ताई म्हणाली. "हो." "मला आधी विचारायचंस तरी." "विचारलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस." तिकडून काचघरातल्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. मग ताई म्हणाली, "सोळा वर्षं केलं हे काम," आणि फोन ठेवला. धाकटीला रडू आलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, ऑपरेशनला घाबरलात का? तिने हो म्हटलं, कारण ते सोपं होतं. आणि रडता रडता डॉक्टरांचा तो बाजूला ठेवलेला शब्द तिच्यापुढे येऊन बसला. बरं झालं पाठवलं त्यांनी. म्हणजे डॉक्टर ताईशी बोलले होते. काय बोलले होते? सोमवारचा तो उतरलेला आवाज. मंगळवारी, जेवलीस का. नाही, तिने स्वतःला दटावलं, काहीतरीच काय! आपली ताई आहे ती. असं तिने चार-पाच वेळा म्हणून पाहिलं.

गुरुवारी सकाळी भुलेच्या डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या, चिठ्ठी दाखवली, म्हणाल्या, हे तुमचं रक्त भलतं शहाणं निघालं, आधीच सांगून ठेवलं त्याने. पांढऱ्या दिव्याखाली धाकटी आडवी झाली. सुई गेली. तिला वाटलं, आता हे हातातून वर येईल, हृदयात जाईल, तिथून सगळीकडे, दातापर्यंतसुद्धा. आणि आत कुणीतरी, ज्यांना तिने कधी पाहिलं नाही, उठून कामाला लागेल. जे आहेत ते. शंभरपासून उलट मोजा, बाई म्हणाल्या. तिने एकोणनव्वदपासून सुरुवात केली.

डोळे उघडले तेव्हा दुपारचं ऊन चादरीवर आलं होतं आणि ताई स्टुलावर बसली होती, धाकटीचा हात दोन्ही हातांत धरून. अंगावर रोजचे कपडे, केसांना साबणाचा वास. "हलव," ताई म्हणत होती. "बोटं हलव बघू." धाकटीने हलवली. ताईने हुश्श केलं आणि तिचे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तिने ते खांद्यावर पुसले. "दोन तास तुझं पोट बघत बसलेय, खाली-वर होतंय का ते. तीन नर्सांनी हाकललं मला." धाकटीचं पोट ठणकत होतं, तोंड कोरडं पडलं होतं, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की ती तशीच पडून राहिली. मग ताई म्हणाली, "मला सोमवारीच कळलं होतं." धाकटीने डोळे तिच्याकडे वळवले. "डॉक्टर म्हणाले, पहिलं रक्त कुणाचं होतं ते मी विचारत नाही, पण त्या माणसाला सांगा, भूल घ्यायच्या आधी डॉक्टरला कळवायला हवं, नाहीतर जिवावर बेतेल. मी म्हटलं, माझंच होतं, तुमच्या यंत्रात घोळ आहे. घरी आले. तुला सांगायचं तर सगळंच बाहेर येणार होतं. म्हटलं, उद्या सांगू. मंगळवारी फोन लावला, तोंडावर आलं होतं सगळं. मग विचारलं, जेवलीस का."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोलत होतं. "मी गेले नसते," धाकटी म्हणाली, घसा खरखरत होता, "तर काल सांगितलं असतंस?" ताईने लगेच हो म्हटलं असतं तर धाकटीने विश्वास ठेवला असता, तिला ठेवायचाच होता. ताई तिच्या बोटांकडे बघत राहिली. "सांगितलंच असतं असं म्हणायला बसलेय सकाळपासून," ती म्हणाली. "पण मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

धाकटीने हात काढून घेतला. तो अगदी सहज निघाला. तिने तो चादरीखाली घेतला आणि तोंड खिडकीकडे केलं. ताई उठून गेली नाही, आणि धाकटीनेही तिला जा म्हटलं नाही.